रकाना अकरा

जळगावचं विमान लहान. त्याला शिडी लावत नाहीत,
दारच खाली कलंडतं
आणि दाराच्या पोटातून पायऱ्या निघतात. पाच.
आधाराला दोर, हाताला लागला तर लागला.

मी खाली, पिवळ्या जाकिटात, कानांत बोळे घालून
"पायरी बघा, पायरी बघा" म्हणत असते.
पलीकडचं इंजिन चालूच असतं,
माझं म्हणणं माझ्या जाकिटाबाहेर जात नाही.
आणि पायरी कोण बघतं?
लोक फोनला रेंज आली का बघतात,
लोहगावचं ऊन जळगावपेक्षा किती कमी ते बघतात,
एका बाईंनी तर मलाच बघितलं,
"अगं, तू शिंद्यांची ना?" म्हणाल्या
आणि मनगटावर पडल्या.
बांगडी कापायला अग्निशमनवाल्यांची पक्कड आणावी लागली.
मी शिंद्यांची नव्हते.

चढतानाही होतं. एका उंच पोराचं कपाळ फुटलं,
दार त्याच्यापेक्षा वीतभर बुटकं.

फॉर्म मीच भरते.
रकाना अकरा: इजेचं कारण.
चार पर्याय छापलेले,
प्रवाशाची निष्काळजी सगळ्यात वर.

सोपान हरिभाऊ लडकत, वय बहात्तर, घोरपडे पेठ.
पीएमटीत तेहतीस वर्षं कंडक्टर.
लेकीकडे गेले होते, जावयाने परतीचं तिकीट विमानाचं काढलं.
"इतकी वर्षं मी लोकांची तिकिटं फाडली,
माझं फाडणारा आत्ता भेटला,"
हे त्यांनी नंतर सांगितलं, व्हीलचेअरमध्ये,
हसत, पाय सुजत असताना.

त्या दिवशी सगळे उतरत होते
आणि एक म्हातारा दारात बाजूला उभा,
हात हलवतोय, ओठ हलतायत.
ऐकू येत नव्हतं, ओठांवरून कळलं:
चला, पुढे चला, सावकाश.
हवाई सुंदरीला वाटलं, आमच्यातलाच कुणीतरी.
मग ते परत आत गेले,
रिकाम्या खुर्च्या शेवटपर्यंत बघून आले,
कुणाची तरी छत्री घेऊन.
एका हातात पिशवी, एका हातात छत्री,
दोराला हात उरला नाही.
पाचव्या पायरीवरून पाय सोडला,
फुटबोर्डवरून सोडतात तसा, न बघता,
तेहतीस वर्षं रस्ता जिथे असायचा तिथे.
रस्ता तिथे नव्हता.

पडल्या पडल्या छत्री वर धरून म्हणाले,
"ही कुणाची ते बघा आधी."

मानकामे साहेब म्हणाले, अकरात निष्काळजी लिही, विषय संपव.
मी लिहीतच होते.
इंजिनवाला अल्ताफ चहाचा कप घेऊन बाजूला उभा होता,
म्हणाला, माणसं उतरतात तसं विमान हलकं होतं ना,
चाकांवरचा भार गेला की ते वर उठतं.
पहिल्याची पायरी आणि शेवटच्याची पायरी
एक नसते.

दुसऱ्या दिवशी भाच्याची लाकडी पट्टी घेऊन गेले.
पहिला उतरायच्या आधी मोजलं,
शेवटचा उतरल्यावर मोजलं.
तीन बोटं.

अकरात लिहिलं: सगळ्यांना आधी उतरू दिलं.
फॉर्म परत आला, लाल गोल करून,
हे कारण यादीत नाही.
पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा आला.

छत्री न्यायला अजून कुणी आलेलं नाही.
लडकतांचा अधूनमधून फोन येतो,
घोट्याचं विचारलं की ते छत्रीचं विचारतात.

आता निम्मी माणसं उतरली
की मी दोन पावलं पुढे सरकते,
आणि शेवटच्यासाठी हात जरा वर धरते,
तीन बोटं वर.